जुना कॉम्प्युटर माळ्यावर टाकण्याआधी

गेल्या उन्हाळ्यात चार दिवस मावशीकडे रायपूरला जाणे झाले. रायपूर आज छत्तीसगडची राजधानी असली, तरी तिथली मराठी घरे काही आजकालची नाहीत. नागपूरकर भोसल्यांचा अंमल अठराव्या शतकात या मुलखावर बसला आणि १८५४ पर्यंत टिकला. त्या काळात आलेली आणि पुढे नोकरीधंद्याच्या निमित्ताने येत राहिलेली मराठी कुटुंबे इथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. तात्यापारा ही त्यांची जुनी वस्ती. चौबे कॉलनीत महाराष्ट्र मंडळही आहे. मावशीचे घर तात्यापाऱ्यातच. जुने, जाड भिंतींचे, पुढे बैठक, मध्ये माजघर आणि मागे काकांची खोली.

काका म्हणजे मावशीचे यजमान. वय ७६. सिंचन खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी एक छंद लावून घेतला. आपले पूर्वज रायपूरला कसे आले, कुणाचे लग्न कुठे झाले, कुठल्या घरातली मुलगी कुठल्या घरात गेली, पूर्वी गणपती कसे बसत, हे सारे वडीलधाऱ्यांकडून ऐकलेले ते कॉम्प्युटरवर टाइप करून ठेवतात. दोनशेच्या वर पाने झाली आहेत. कॉम्प्युटर २०११ साली घेतलेला. त्यावर मावशीने क्रोशाचे विणलेले झाकण रोज रात्री न चुकता पडते.

"काका, लिखाण कुठवर आलं?" मी गेल्या गेल्या विचारले.

"लिखाण चाललंय गं," काका म्हणाले, "पण ते आता त्या पेटीतच बंद राहणार असं दिसतंय."

झाले होते असे की, पूर्वी टेलिफोनची तार काकांच्या खोलीत होती. तिथेच इंटरनेटचा डबा आणि तिथून एक वायर थेट कॉम्प्युटरला. दोन-अडीच वर्षांपूर्वी लँडलाइन काढली आणि नवे फायबरचे कनेक्शन घेतले. त्याचा राउटर पुढच्या बैठकीत, दाराजवळ बसला. मावशीच्या मोबाईलवर स्वयंपाकघरातही सिनेमे दिसू लागले. कॉम्प्युटर मात्र मागच्या खोलीत बहिऱ्यासारखा बसून राहिला.

बंगळूरला असलेल्या मुलाने फोनवर सांगितले, "बाबा, तो डबा भंगारात द्या. मी नवीन लॅपटॉप पाठवतो." मुलाच्या बोलण्यात माया होतीच, पण काकांना ते लागले. बाजारातल्या एका दुकानदाराने तर मशीन न बघताच सांगितले, की इतक्या जुन्या कॉम्प्युटरला वाय-फाय जोडता येत नाही, पस्तीस हजारांत नवा घ्या. मग काकांनी तो विषयच सोडून दिला होता.

अशी परिस्थिती आज कितीतरी घरांत आहे. दहा-पंधरा वर्षांपूर्वी मुलांच्या अभ्यासासाठी म्हणून हौसेने घेतलेला कॉम्प्युटर कोपऱ्यात धूळ खात असतो. चालू असतो, पण घरातल्या नव्या इंटरनेटशी त्याची ओळख नसते. तो जोडता येतो का? बहुतेक वेळा येतो, आणि हजार रुपयांच्या आत येतो. फक्त बाजारात जाण्याआधी घरी थोडा वेळ द्यावा लागतो. आम्ही तो कसा दिला, त्यात माझ्या हातून काय चूक झाली, ते सांगते. मी काही इंजिनियर नाही, पत्रकारितेची पदविका घेतलेली बाई आहे. त्यामुळे मला जे समजले, ते आपल्याला नक्कीच समजेल.

बिघाड काय होता?

शेजारी इंजिनियरिंगला जाणारी एक मुलगी राहते. मावशीने तिला हाक मारली. तिने कॉम्प्युटरच्या मागे वाकून पाहिले आणि हसत म्हणाली, "दादाजी, मशीन तो ठीक है. बस, कान नहीं हैं."

तिने एका वाक्यात सगळे सांगितले. राउटर रेडिओसारख्या लहरींमधून बोलतो. मोबाईल आणि लॅपटॉप यांच्या आत त्या लहरी ऐकणारे आणि उत्तर देणारे उपकरण कारखान्यातच बसवलेले असते. जुन्या टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्ये ते नसते, कारण तो एका जागी बसणार आणि त्याला वायर लागणार, असाच तेव्हा हिशोब होता. 'वाय-फाय' हे नावच मुळी १९९९ सालचे. आपल्याकडे या कामासाठी वापरला जाणारा २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा कमी शक्तीच्या साधनांसाठी परवान्यातून मोकळा झाला तो जानेवारी २००५ मध्ये. त्यानंतरही बरीच वर्षे घरगुती कॉम्प्युटर वायरवरच चालले.

म्हणजे मशीन बिघडलेले नव्हते. त्याला बाहेरून एक कान लावून द्यायचा होता. तो लावण्याचे रस्ते मात्र एकाहून अधिक आहेत आणि प्रत्येक घराला एकच रस्ता सोयीचा असतो असे नाही.

पाच रस्ते

पहिला रस्ता वायरचा. राउटर आणि कॉम्प्युटर एकाच किंवा शेजारच्या खोलीत असतील, तर राउटरच्या मागच्या लॅन खाचेतून कॉम्प्युटरच्या मागच्या तशाच खाचेत केबल लावा. काही बसवावे लागत नाही, पासवर्ड लागत नाही आणि वेगही सगळ्यात चांगला. ही केबल शंभर मीटरपर्यंत चालते. पण मावशीच्या घरात बैठकीपासून मागच्या खोलीपर्यंत दोन जाड भिंती होत्या आणि "माझ्या भिंतीला भोक पाडायचं नाही" असे मावशीने आधीच बजावले होते.

दुसरा रस्ता यूएसबी डोंगलचा. अंगठ्याएवढे, कधी त्याहूनही लहान उपकरण. पेन ड्राइव्ह जिथे लावतो तिथे लावायचे. साधारण पाचशे ते हजार रुपयांत मिळते. कॉम्प्युटर उघडावा लागत नाही. बहुतेक घरांना हाच रस्ता बरा.

तिसरा रस्ता आत बसवायच्या कार्डाचा. त्याला अँटेना असते, त्यामुळे पकड चांगली मिळते. पण कॅबिनेट उघडावे लागते आणि आतली खाच कोणत्या जातीची आहे हे पाहूनच कार्ड आणावे लागते. फार जुन्या मशीनमध्ये पीसीआयची लांब खाच असते, नंतरच्यांत पीसीआय एक्स्प्रेसची आखूड. एकाचे कार्ड दुसऱ्यात बसत नाही. हे काम माहितगाराकडूनच करून घ्यावे.

चौथा रस्ता फारसा कुणाला माहीत नसतो, पण अगदी जुन्या मशीनसाठी तोच रामबाण आहे. वाय-फाय रिपीटर नावाचा एक डबा मिळतो. तो भिंतीतल्या प्लगमध्ये लावला की राउटरच्या लहरी पकडून पुढे पोहोचवतो. यातल्या काही डब्यांना खाली लॅनची खाच असते. अशा डब्यातून हातभर केबल कॉम्प्युटरला जोडली, की कॉम्प्युटरला वाटते आपल्याला वायरचेच इंटरनेट आले आहे. बिनतारी काम सगळे तो डबा करतो. कॉम्प्युटरमध्ये काही भरावे लागत नाही, त्यामुळे विंडोज कितीही जुने असले तरी अडत नाही.

पाचवा रस्ता फुकटचा. अँड्रॉइड मोबाईल घरच्या वाय-फायला जोडलेला ठेवा, चार्जिंगच्या केबलने तो कॉम्प्युटरला लावा आणि मोबाईलच्या सेटिंगमध्ये जाऊन 'यूएसबी टेदरिंग' सुरू करा. विंडोज ७ किंवा त्यानंतरचे असेल, तर बहुतेक मोबाईल अशा वेळी स्वतःच डोंगलचे काम करतात. केबल मात्र नुसती चार्जिंगची नको, फोटो पाठवता येणारी हवी. कायमची सोय म्हणून हे त्रासाचे, कारण फोन आला की उठवा तो मोबाईल. पण मशीन इंटरनेटवर चालते का, हे पैसे खर्च करण्याआधी तपासायला यासारखा उपाय नाही.

आधी नक्कल, मग अक्कल

आम्ही लगेच मोबाईल जोडायला निघालो, तर शेजारच्या मुलीने हात धरला. "पहिले दादाजीं का काम कॉपी करो," ती म्हणाली.

आणि तेव्हा लक्षात आले, की काकांच्या सहा वर्षांच्या लिखाणाची दुसरी प्रतच नव्हती. दोनशे पाने एका चौदा वर्षांच्या हार्ड डिस्कमध्ये होती. ती डिस्क उद्या बसली असती, किंवा मुलाचे ऐकून काकांनी खरोखरच मशीन भंगारवाल्याला दिले असते, तर त्या आठवणी सांगणारी बहुतेक माणसेही आता हयात नाहीत. काका काही बोलले नाहीत, पण त्यांनी खिशातला रुमाल काढून चष्मा पुसला.

दोन पेन ड्राइव्हवर सगळे उतरवले. एक काकांच्या टेबलाच्या खणात, दुसरा मावशीच्या कपाटात. जुन्या मशीनला हात लावायचा असेल, तर हे काम सर्वांत आधी करा. फोटो, मुलांचे दाखले, हिशोब, जे असेल ते दोन जागी ठेवा. वाय-फाय आज जोडले काय आणि उद्या जोडले काय, फरक पडत नाही.

मग मुख्य प्लग काढून कॅबिनेटचे एका बाजूचे झाकण उघडले. रायपूरच्या मे महिन्यातली धूळ काय असते, ते आत दिसले. पंख्याच्या पात्यांवर अक्षरशः नमदा बसला होता. मऊ ब्रशने, हलक्या हाताने ती काढली. ओले फडके लावायचे नाही. आत हात घालण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला बोट लावायचे, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते. एवढे केल्यावर मशीनचा घरघराट निम्म्याने कमी झाला.

जोडले, पण उघडेना

माझा मोबाईल केबलने जोडला. खाली कोपऱ्यात इंटरनेट आल्याची खूण दिसली. काका खुर्ची ओढून पुढे सरकले. मी एक वर्तमानपत्र उघडायला गेले, तर पडद्यावर इशारा आला, की हे कनेक्शन सुरक्षित नाही. दुसरे उघडले, तोच इशारा. ई-मेलचेही तसेच.

"म्हणजे तो दुकानदार खरंच बोलत होता," काका म्हणाले.

अर्धा तास आम्ही उगाच इकडेतिकडे बटणे दाबली. शेवटी मावशी चहा घेऊन आली आणि पडद्याकडे पाहून म्हणाली, "अगं, ही तारीख काय दाखवतोय हा? २०११?"

खरेच, कोपऱ्यात १ जानेवारी २०११ अशी तारीख होती. काकांना ते ठाऊक होते. "लिखाणाला तारीख कशाला हवी, म्हणून मी लक्ष दिलं नाही," असे ते म्हणाले. पण गोम तिथेच होती. आजकाल बहुतेक संकेतस्थळे आपली ओळख पटवणारे एक प्रमाणपत्र दाखवतात. त्या प्रमाणपत्राला सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते. कॉम्प्युटरच्या मते २०११ साल चालू असेल, तर आजचे प्रमाणपत्र त्याला खोटे वाटणारच. तो दार लावून घेतो.

तारीख हातानेच बरोबर केली आणि पुन्हा उघडले, तर वर्तमानपत्र झटकन समोर आले. मावशीचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

तारीख मागे का गेली? कॉम्प्युटरच्या आत रुपयाच्या नाण्यासारखा एक चपटा सेल असतो, सीआर २०३२ या क्रमांकाचा. मशीन बंद असताना घड्याळ चालू ठेवणे हे त्याचे काम. काका रोज रात्री प्लगच काढून ठेवत, त्यामुळे सगळा भार त्या सेलवर येई. काही वर्षांनी तो संपतो. मग मशीन दर वेळी आपल्या जन्मतारखेला जाते. सेल पन्नास रुपयांच्या आत मिळतो. प्लग काढून, जुना ज्या बाजूने वर होता तशीच बाजू ठेवून नवा बसवायचा. जुना कॉम्प्युटर इंटरनेटला जोडूनही काही उघडत नसेल, तर बाकी काही करण्याआधी घड्याळ पाहा.

माझी चूक

मशीन ठीक आहे हे कळल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन चढण्याआधी, मी जयस्तंभ चौकाकडे गेले आणि एक डोंगल घेऊन आले. घरी येऊन लावला. काहीच नाही. खोका वाचला, तेव्हा बारीक अक्षरात लिहिलेले दिसले, की हा विंडोज १० आणि ११ साठीच आहे. काकांचे विंडोज ७. दुकानदाराने विचारले नव्हते हे खरे, पण मीही सांगितले नव्हते. पुन्हा उन्हात जाऊन बदलून आणला.

दुसऱ्या खोक्यावर विंडोज ७ चे नाव होते आणि आत एक छोटी सीडी. नव्या उपकरणाशी कसे बोलायचे हे कॉम्प्युटरला शिकवणारा जो छोटा प्रोग्रॅम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. तो त्या सीडीत होता. इथे जुन्या मशीनने बाजी मारली. आजच्या लॅपटॉपला सीडी घालायची सोयच नसते, काकांच्या कॉम्प्युटरला होती. आपल्या मशीनला ती नसेल, तर मोबाईलवर त्या कंपनीच्या संकेतस्थळावरून ड्रायव्हर उतरवून केबलने किंवा पेन ड्राइव्हने कॉम्प्युटरमध्ये घ्यावा. भलत्यासलत्या ठिकाणांहून ड्रायव्हर घेऊ नये. त्याबरोबर नको ते पाहुणे घरात शिरतात.

सीडी चालली. खाली कोपऱ्यात वाय-फायची नावे दिसू लागली. शेजाऱ्यांची तीन आणि आपले एक. पासवर्ड मात्र कुणाला आठवेना. राउटरच्या खाली चिकटवलेल्या चिठ्ठीवर तो बहुधा छापलेला असतो, तिथे सापडला. काकांनी स्वतः एकेक अक्षर बघून टाइप केला. कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांत एकदा गफलत झाली, दुसऱ्यांदा जमले.

नाव दिसते, पासवर्ड बरोबर आहे, तरी जोडणी होत नाही, असे कधी कधी होते. त्याचे एक कारण राउटरचे कुलूप. २०१८ साली डब्ल्यूपीए ३ नावाचे नवे कुलूप आले. राउटर फक्त तेच मागत असेल, तर जुन्या मशीनला ते उघडता येत नाही. कनेक्शनवाल्याला सांगून ते डब्ल्यूपीए २ वर किंवा दोन्ही चालतील असे करून घ्यावे. अगदीच जुने डब्ल्यूईपी कुलूप मात्र कुणी सुचवले तरी लावू नका, ते २००१ सालीच फोडले गेले आहे. आणि आपले नावच यादीत दिसत नसेल, तर राउटर कदाचित ५ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यावरच बोलत असेल आणि डोंगल २.४ चाच असेल. राउटरवर २.४ चा पट्टाही सुरू करून घ्यावा. हा पट्टा थोडा संथ, पण भिंतीपलीकडे जास्त पोहोचतो. जुन्या घरांना तोच सोयीचा.

कुलर आणि कपाट

जोडणी झाली, पण वेग बैलगाडीचा. खुणेच्या पाचांपैकी एकच रेघ. काका पुन्हा हिरमुसले.

राउटर कुठे आहे म्हणून मी बैठकीत जाऊन पाहिले. दाराजवळ, जमिनीपासून हातभर उंचीवर, एका बाजूला लोखंडी कपाट आणि दुसऱ्या बाजूला भला मोठा कुलर. रायपूरच्या उन्हाळ्यात कुलरशिवाय घर नाही. पण कुलरचा पत्रा लहरी परतवतो आणि त्याच्या टाकीतले पाणी त्या शोषून घेते. उन्हाळ्यात नेट मंद होते अशी तक्रार मावशी करत होती, तिचेही उत्तर तिथेच मिळाले.

राउटर उचलून समोरच्या उंच फळीवर ठेवला, माजघराच्या दाराच्या रोखाने. दुसरे म्हणजे डोंगल. तो मी कॅबिनेटच्या मागे लावला होता, म्हणजे पुन्हा लोखंडाच्या आड. एक मीटरची यूएसबीची जोडवायर आणून डोंगल टेबलावर पुढे आणून ठेवला. एका रेघेच्या तीन झाल्या. एवढ्याने भागले नसते, तर माजघरात रिपीटर लावण्याची आमची तयारी होती, पण गरज पडली नाही.

एकूण खर्च डोंगल, सेल आणि वायर मिळून नऊशे रुपयांच्या आत आला.

जोडले म्हणून सगळे करायचे नाही

आता सर्वांत महत्त्वाचे. जुना कॉम्प्युटर इंटरनेटवर आणणे सोपे आहे, पण त्याच्या अंगात आजच्या चोरांशी झुंजायची ताकद नसते. विंडोज बनवणारी कंपनी वेळोवेळी त्यातली भगदाडे बुजवते. विंडोज एक्सपीची ही डागडुजी ८ एप्रिल २०१४ ला थांबली, विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० ला. विंडोज १० ची सर्वसाधारण मुदतही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. क्रोम ब्राउझरनेही २०२३ च्या सुरुवातीला विंडोज ७ ची साथ सोडली.

म्हणून आम्ही काकांबरोबर बसून काही नियम ठरवले. या मशीनवर बँक उघडायची नाही. एटीएम कार्डाचा क्रमांक टाकायचा नाही. पेन्शनचे आणि आधारचे काम मोबाईलवर, तेही मुलाला विचारून. वर्तमानपत्रे वाचायची, भजने आणि जुनी नाट्यगीते ऐकायची, लिखाण पाठवायचे, यासाठी हे मशीन. ई-मेलसाठीही एक नवे, वेगळे खाते काढले, म्हणजे बँकेशी जोडलेल्या खात्याला धक्का नको. पडद्यावर अचानक लाल अक्षरांत 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, या क्रमांकावर फोन करा' असे आले, तर फोन करायचा नाही, सरळ मशीन बंद करायचे. फसवणूक झालीच, तर लाजत न बसता ताबडतोब १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर कळवायचे.

शेजारच्या मुलीने आणखी एक चांगली गोष्ट केली. बहुतेक राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळे नेटवर्क देता येते. तिने काकांचे मशीन त्यावर टाकले. म्हणजे उद्या त्यात काही शिरलेच, तर घरातल्या मोबाईलपर्यंत सहजासहजी पोहोचणार नाही.

ज्यांना जुन्याच मशीनवर अधिक सुरक्षित काम हवे, त्यांच्यासाठी लिनक्स मिंटसारखी मोफत प्रणाली आहे. चार जीबी रॅम असेल तर ती बरी चालते. पण काकांचा मराठी टायपिंगचा प्रोग्रॅम विंडोजवरचा, बोटे त्याच कळफलकाला सरावलेली. ७६ व्या वर्षी त्यांना सगळे नव्याने शिकायला लावण्यात अर्थ नव्हता.

त्या जुन्या टायपिंगची एक अडचण मात्र सांगून ठेवते. जुन्या फाँटमधले मराठी दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर इंग्रजी अक्षरांच्या खिचडीसारखे दिसते, कारण आत साठवलेले असतात इंग्रजी अक्षरांचेच क्रमांक, मराठी रूप फक्त फाँट देतो. अशी फाइल पाठवायची असेल, तर पीडीएफ करून पाठवावी, म्हणजे फाँट आतच बसून जातो. पुढे कधी पुस्तक करायचे झाले, तर युनिकोडमध्ये रूपांतर करून घेता येते.

उत्तर आले

शेवटच्या संध्याकाळी काकांनी पहिल्या प्रकरणाची पीडीएफ केली. मी फक्त मागे उभी होते. माउस त्यांच्याच हातात होता. बंगळूरला नातीचा ई-मेल पत्ता त्यांनी वहीत पाहून टाइप केला, दोनदा तपासला आणि पाठवा हे बटण दाबले.

"गेलं?" त्यांनी विचारले.

"गेलं काका."

"इतक्यात?"

रात्री जेवायच्या वेळी उत्तर आले. नातीने लिहिले होते, की आजोबा, सगळं वाचलं, पण पणजोबांना रायपूरला आधी कुणी बोलावलं, ते तुम्ही लिहिलंच नाही. काकांनी ते दोनदा वाचले, ताट तसेच ठेवले आणि क्रोशाचे झाकण बाजूला सारून पुन्हा टाइप करायला बसले.

मावशी स्वयंपाकघरातून तीनदा हाका मारून थकली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तो रिपीटर का काय म्हणालीस ना, तो आणच एक. माझी हाक मागच्या खोलीपर्यंत पोहोचेल असा."

बाजारात जाण्याआधी कागदावर लिहून घ्या

• कॉम्प्युटरमधले महत्त्वाचे सगळे दोन जागी उतरवले आहे का?

• विंडोज कोणते आहे? खोक्यावर तेच नाव असलेला डोंगल मागा.

• तारीख आणि वेळ बरोबर दिसते का? नसेल तर सीआर २०३२ सेल आणा.

• सीडी चालते का? नसेल तर ड्रायव्हर मोबाईलवरून घ्यावा लागेल.

• राउटर आणि कॉम्प्युटर यांच्यामध्ये काय आहे? कपाट, कुलर, फ्रीज असेल तर आधी राउटरची जागा बदला.

• मोबाईलच्या केबलने एकदा जोडून पाहिले का? ते चालले तरच पैसे खर्च करा.

• या मशीनवर काय करायचे आणि काय करायचे नाही, हे घरातल्या सर्वांना सांगितले आहे का?